बोटभर पट्टीत पाच हजार गडचिरोली

आठ सेंटिमीटर लांब आणि सव्वादोन सेंटिमीटर रुंद. एक टेराबाइटची एम.२ एसएसडी चंद्रपुरातल्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली, तर बिलाच्या कागदाखाली सहज झाकून जाईल. तिच्यात मावतात ८ लाख कोटी बिट. आजच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये एका सूक्ष्म कप्प्यात तीन बिट साठवतात, म्हणजे कप्पे झाले सुमारे २ लाख ६७ हजार कोटी.

हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून जंगलात शिरू. गडचिरोली जिल्ह्यात सुमारे १० हजार चौरस किलोमीटर जंगल आहे. साग, ऐन, मोह, तेंदू असं बांबूचं रान सोडून जे काही उभं आहे ते सगळं मिळून हिशेबापुरती हेक्टरी ५०० झाडं धरा. होतात ५० कोटी. एका झाडाला एक कप्पा दिला, तर अशी पाच हजारांहून जास्त जंगलं त्या पट्टीत बसतील. थॉमस क्राउथर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘नेचर’मध्ये साऱ्या पृथ्वीवरच्या झाडांचा अंदाज मांडला होता: सुमारे ३ लाख ४ हजार कोटी. दोन टेराबाइटची ड्राइव्ह घेतली की पृथ्वीही मागे पडते!

पण कोरी ड्राइव्ह म्हणजे नकाशा नसलेलं रान. वनखात्याला जंगल सांभाळता येतं ते परिक्षेत्र, बीट, कक्ष क्रमांक अशी उतरंड आखलेली असते म्हणून. विंडोज टाकतानाही पहिलं काम आखणीचंच. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, ‘अनअलोकेटेड स्पेस’ निवडायची, ‘नेक्स्ट’ दाबायचं. तेवढ्यात विभागांचा जीपीटी तक्ता लिहिला जातो आणि बूटसाठी जेमतेम १०० एमबीचा तुकडा राखला जातो. जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरने २.२ टेराबाइटच्या पुढे पत्तेच संपायचे. जीपीटीत पत्ता ६४ बिटांचा, म्हणजे आधीच्या ४२९ कोटी पट पत्ते. मला ड्राइव्हच्या वेगापेक्षा याचंच जास्त अप्रूप वाटतं. शिवाय जंगलातला कक्ष जागचा हलत नाही, इथला हलतो. फ्लॅशवर लिहिलेलं आहे तिथेच खोडून पुन्हा लिहिता येत नाही, त्यामुळे आतला कंट्रोलर मजकूर नव्या जागी लिहितो आणि कुठला पत्ता आता कुठे गेला याची वही स्वतः ठेवतो. विंडोजला त्याचा पत्ताही लागत नाही.

वीसेक जीबीची विंडोज बसली, तर सुमारे ५,३३३ कोटी कप्पे भरतात. सेकंदाला एक या वेगाने, न थांबता, हे कप्पे मोजायला १,६९० वर्षं लागतील. विदर्भात वाकाटकांचं राज्य होतं तेव्हा मोजायला बसलेला माणूस आज कुठे उठला असता. ड्राइव्ह हे कप्पे भरायचं काम चहा होईतो उरकते.

जुनी हार्ड डिस्क इथेच अडखळायची. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. त्यात वाचणारं डोकं सरकायचा वेळ मिळवला, की विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरेकच वाचून होतात. साधी साटा एसएसडी असे हजारो तुकडे वाचते, आणि विंडोज सुरू होताना वाचावे लागतात ते असेच विखुरलेले तुकडे.

झिजेची भीती बाळगू नका. एक टेराबाइटच्या बऱ्याच ड्राइव्हवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी ८२ वर्षं.

खरा अडथळा असतो तो फाइल हातात येण्याचा. विंडोजची ६ जीबीची आयएसओ फाइल सेकंदाला एक मेगाबिटच्या नेटवर उतरवायला तेरा तासांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. तिकडे राहणाऱ्यांनी चंद्रपूर किंवा गडचिरोलीत मे महिन्यातच पेनड्राइव्ह तयार करून घ्यावी. तीच पेनड्राइव्ह शाळेतल्या सगळ्या संगणकांना पुरते.