म्युनिकहून साल्झबुर्गला, स्वतःच्या हाताने गाडी चालवत

म्युनिकहून साल्झबुर्गला जाताना सीमा कधी ओलांडली हे बऱ्याचदा कळतही नाही. नियम मात्र तिथे बदललेले असतात. जर्मनीच्या ऑटोबानवर अनेक टप्प्यांत वेगाला कायदेशीर मर्यादा नाही. ताशी १३० किलोमीटरची शिफारस आहे, सक्ती नाही. ऑस्ट्रियात महामार्गावर १३० हीच मर्यादा. इन्सब्रुककडे इन नदीच्या खोऱ्यात तर हवेच्या प्रदूषणामुळे ती १०० वर येते. तिथे रस्ता मोकळा दिसला म्हणून पाय दाबायचा मोह आवरावा. फार बेफाम वेगाला ऑस्ट्रियात २०२४ पासून गाडीच जप्त होऊ शकते.

खरा फटका बसतो तो पथकराच्या परवान्याचा, म्हणजे व्हिन्येटचा. जर्मनीत मोटारींना महामार्ग फुकट. ऑस्ट्रियात बहुतेक महामार्गांसाठी व्हिन्येट आधी घ्यावे लागते. ते काचेवर चिकटवायचे किंवा गाडीच्या नंबरवर ऑनलाइन नोंदवायचे. जर्मनीत भाड्याने घेतलेल्या गाडीला ते असेलच असे नाही, म्हणून किल्ली हातात घेतानाच विचारा. ब्रेनर खिंडीच्या महामार्गाचा टोल मात्र त्यात धरलेला नाही, तो वेगळा.

हिवाळ्यात ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर हवेतच. जर्मनीत तारखा नाहीत. बर्फ दिसला की नियम लागू.

वाहतूक तुंबली, तर दोन्हीकडे डावीकडच्या लेनमधल्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेला वाट द्यायची. ती येण्याआधीच, गाड्या रेंगाळू लागताच.