अंथरूण ओले होणे आणि आहार

पाच वर्षांनंतरही मूल झोपेत वारंवार अंथरूण ओले करत असेल, तर त्याला शय्यामूत्रता म्हणतात. गाढ झोप, रात्री जास्त तयार होणारी लघवी आणि मूत्राशयाची कमी क्षमता ही तिची मुख्य कारणे. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. आहार सहसा मूळ कारण नसतो; मात्र त्रास वाढण्यात किंवा कमी होण्यात त्याचा हातभार लागतो.

● बद्धकोष्ठता : मलाने भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर पडतो. भाकरी, पालेभाज्या, उसळी, पेरू, पपई यांतून तंतुमय पदार्थ मिळतात. पोट साफ होऊ लागल्यावर अनेक मुलांचा हा त्रास कमी होतो.

● पाणी : दिवसाचे पाणी तोडू नये. बरेचसे पाणी सकाळपासून दुपारपर्यंत प्यायला द्यावे. झोपण्यापूर्वीच्या एक-दोन तासांत फक्त तहानेपुरते.

● चहा, कॉफी, कोला : यांतील कॅफिनमुळे लघवीचे प्रमाण वाढू शकते. संध्याकाळचा चहा-बिस्किटांचा शिरस्ता मोडावा.

● मीठ : रात्रीच्या जेवणात पापड, लोणचे, वेफर्स असले की तहान वाढते आणि लघवीही.

● घरगुती उपाय : काळे तीळ, ओवा व गूळ देण्याची पद्धत आहे; तिला ठोस शास्त्रीय आधार नाही.

मूल हे मुद्दाम करत नाही, त्यामुळे त्याला रागावू नये. सहा महिने कोरडे राहिल्यानंतर त्रास पुन्हा सुरू झाला, किंवा सोबत अतितहान, वजनात घट वा लघवीला जळजळ असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.