अपघातानंतरचा पहिला आठवडा

गंगापूर रोड रुंद झाला तेव्हा काही जुनी झाडे रस्त्यातच उभी राहिली. अशा जागी टक्कर झाली की दोन्ही बाजू आपापली हकिगत सांगतात. म्हणून जखमीला इस्पितळात पोहोचवले की घरातल्या एकाने, मामूने म्हणा किंवा चाचाने, पुराव्याचे काम अंगावर घ्यावे. आपल्याकडे सगळेच आयसीयूच्या दाराशी बसतात, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

गाड्या जागेवर असतील तर नंबरप्लेट, टायरच्या खुणा आणि झाड एकत्र दिसेल असा फोटो घ्या. दुकानांच्या सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. ते जपण्यासाठी पोलिसांना त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केसपेपरवर काय लिहिले तेही वाचा. ‘घसरून पडला’ अशी नोंद झाली, तर विमा कंपनीचा वकील तेवढेच वाक्य धरून बसतो.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कमाईही दाखवावी लागते. शिलाई, फळगाडी, रिक्षा असे काम असेल तर हिशेबाची वही आणि पासबुक जपा. घरातली बाई दगावली तर ‘ती कुठे कमावत होती’ म्हणून गप्प बसू नका. घरकामाचे मोल सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये लता वाधवा प्रकरणात धरले आहे.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर जखमेसाठी 50 हजार रुपयांची सरकारी योजना आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा.