छापील तारखेच्या सहा महिने आधी

सावद्यातील आम्ही बावीस जण लाभपंचमीनंतर मलेशियाला निघालो, ती गोष्ट नोव्हेंबर २०२४ मधली. वहीपूजन आटोपले होते, दिवाळीची उलाढाल ओसरली होती. मी बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी, त्यामुळे तिकिटे, हिशेब आणि कागदपत्रे यांचे काम ओघानेच माझ्याकडे आले. चौतीस वर्षे मी लोकांच्या सह्या, छायाचित्रे आणि जन्मतारखा ताडून पाहिल्या होत्या. बावीस पासपोर्टांच्या छायाप्रती गोळा केल्या, तिकिटांवरील नावे अक्षरन्‌अक्षर तपासली. मुदतीचा रकानाही पाहिला. माझ्या स्वतःच्या पासपोर्टची मुदत १७ फेब्रुवारी २०२५ पर्यंत होती. परतल्यानंतरही जवळजवळ तीन महिने शिल्लक. मी समाधानाने बरोबरची खूण केली.

मुंबई विमानतळावर काउंटरवरील मुलीने नेमके त्याच तारखेवर बोट ठेवले. मलेशियात प्रवेश करण्याच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. तिने अदबीने, पण ठामपणे बोर्डिंग पास नाकारला. तिचेही चुकले नव्हते. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येऊन पडते. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही नाही, तर मीही नाही." त्यांचा हा आयुष्यातला पहिला परदेशप्रवास होता. मी त्यांची औषधांची पिशवी माझ्या बॅगेतून काढून त्यांच्या हाती दिली, जाऊबाईंना त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि मागे वळून न पाहता बाहेर पडलो. गाडीने भुसावळ, तेथून सावदा. दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो, तर कोपऱ्यावर पहिलाच प्रश्न आला, "काय साहेब, मलेशिया इतके जवळ आहे होय?"

व्यापारी घरात मुदतीचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. मुदती हुंडी ठरल्या दिवशी पिकते, ठेवीचेही तसेच. पासपोर्टची तऱ्हा निराळी. मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा अनेक देशांपुरता तो छापील तारखेच्या सहा महिने आधीच निरुपयोगी होतो. वास्तविक मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. जळगावच्या डाकघरातील पासपोर्ट सेवा केंद्रापर्यंत एक फेरी आणि पंधराशे रुपये शुल्क, एवढाच तो व्याप. तो मी टाळला.

घरी एकटा असताना मी या चुकीचा पुष्कळ विचार केला. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, याचा आम्हाला केवढा आनंद झाला होता! व्हिसाचा अर्ज करावा लागला असता, तर माझी अपुरी मुदत तेथेच कोणाच्या तरी नजरेस आली असती. व्हिसा गेला, त्याबरोबर तपासनीसही गेला, आणि ते काम आपल्यावर आले हे माझ्या ध्यानात आले नाही. शिवाय व्हिसा माफ म्हणजे कागद माफ नव्हेत. मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र प्रवासापूर्वीच्या तीन दिवसांत भरावेच लागते.

पासपोर्ट आणि व्हिसा यांतला भेद आपण पुष्कळदा विसरतो. परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात दिला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. जाणे हा आपला हक्क झाला. आत घेणे मात्र यजमानाच्या मर्जीवर आहे आणि ही मर्जी केव्हाही बदलते. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा सल्ला ऐकावा जरूर, पण तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ स्वतः पाहावे.

खरी गुंतागुंत नावांची. आपल्या घरांत वडिलांच्या पासपोर्टवर गोत्राचे आडनाव असते आणि मुलाच्या पासपोर्टवर 'जैन', कारण शाळेत तसे लागले. सुनेचे लग्नानंतर नाव बदललेले, पण पासपोर्ट माहेरचा. तिकीट नेहमी पासपोर्टवरील नावानेच काढावे, आधारवरील नव्हे. वडीलधाऱ्या स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. कित्येकींच्या पासपोर्टवर केवळ एकच नाव असून आडनावाचा रकाना कोरा असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा एकनावी पासपोर्टधारकांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारण्याचे जाहीर केले. पुढे शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास सवलत मिळाली. तरीही दुबईला मुलाकडे निघालेल्या आजींचा पासपोर्ट आधीच उघडून पाहिलेला बरा. नातवंडांचाही पाहावा, लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत साधारणतः पाचच वर्षे असते आणि ती पाच वर्षे कशी सरतात, ते आजी-आजोबांना कळतही नाही.

युरोपची बातच वेगळी. शेंगेन देशांत परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा आणि अर्ज निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो.

सौभाग्यवती आठवड्याने परतल्या. बाटू गुंफांच्या पायऱ्या चढल्याचे छायाचित्र त्यांनी बैठकीत लावले आहे. येणारे विचारतात, "साहेब यात कुठे आहेत?"

येत्या लाभपंचमीनंतर नेपाळचे ठरत आहे. तेथे आपल्याला व्हिसा नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही, परंतु विमानाने जाताना पासपोर्ट नसेल, तर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालते ते पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील प्रवाशांचे. यादी माझ्याकडेच आहे. आजपर्यंत अकरा मतदार ओळखपत्रांच्या प्रती आल्या. त्यांतील दोघांची आडनावे तिकिटासाठी दिलेल्या आडनावांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांची तिकिटे मी अद्याप काढलेली नाहीत.