पेटीचे सूर कोणत्या गावचे?

बुलढाणा जिल्ह्यात भजनी मंडळ नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. वारकरी भजन असो की तुकडोजी महाराजांच्या वळणाचं खंजिरी भजन, मधोमध पेटी असतेच. सप्ताहाच्या आधी जुनी पेटी दगा देते, वर्गणी जमते आणि चार जाणती माणसं पेटीमास्तरांना सोबत घेऊन दुकानात जातात. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘सूर जर्मन आहेत ना?’’ दुकानदार ‘हो’ म्हणाला की किंमत चढते, आणि ‘पालिताणा’ म्हणाला की मंडळींचे चेहरे थोडे उतरतात.

प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. सूर कोणत्या देशात झाला याने पेटीत फरक पडतो. किती पडतो, कशामुळे पडतो आणि त्यापोटी जास्तीचे पैसे कधी मोजावेत, हे कळायचं तर पेटीचं झाकण उघडावं लागेल.

पट्ट्यांच्या खाली, लाकडी फळीवर ओळीने बसवलेल्या पितळी चौकटी दिसतात. प्रत्येक चौकटीला एक लांबट फट असते आणि त्या फटीवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली असते. दुसरं टोक मोकळं, किंचित वर उचललेलं. हाच तो सूर. पट्टी दाबली की खालचं भोक उघडतं, भात्यातली हवा फटीतून निसटू पाहते, जीभ आत ओढली जाते, स्वतःच्या ताठपणाने परत येते, पुन्हा ओढली जाते. मध्य सप्तकात हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. जीभ जितकी आखूड आणि टोकाशी हलकी, तितका सूर चढा. म्हणून सूर चढवायचा तर कारागीर जिभेचं टोक कानशीने जरा घासतो आणि उतरवायचा तर रिव्हेटजवळचं बूड घासतो. साडेतीन सप्तकांच्या पेटीत एका ओळीला ४२ सूर. खर्ज (खालच्या आवाजाची) आणि नर (त्याहून चढ्या आवाजाची) अशा दोन ओळींची दुहेरी पेटी असेल तर ८४. यातला प्रत्येक सूर कारागिराच्या हाताखालून गेलेला असतो.

आता देशाचा मुद्दा. हार्मोनियमला तिचं नाव आणि रूप मिळालं पॅरिसमध्ये, १८४० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, अलेक्झांद्र दबें या कारागिराकडून. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर बसून एका हाताने भाता ओढता येईल असं केलं. खोकं इथलं झालं, पण सूर बाहेरूनच येत राहिले. पॅरिसच्या कासरियलचे आणि जर्मनीतल्या ज्युबिलेट छापाचे सूर जुन्या पेटीवाल्यांच्या बोलण्यात अजूनही आदराने येतात. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले आणि पेटीच्या कारखानदारांना देशी सुरांवर भिस्त ठेवावी लागली. त्या कामात गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातलं पालिताणा पुढे आलं. शत्रुंजयाच्या जैन मंदिरांसाठी ओळखलं जाणारं हे गाव पेटीवाल्यांना सुरांचं गाव म्हणून ठाऊक आहे.

युरोपातल्या त्या सुरांत नेमकं चांगलं काय होतं? जादू नव्हती. पितळ एकसारख्या ताठपणाचं होतं आणि काप यंत्राचा होता. त्यामुळे जीभ आणि फटीची कड यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं राही. हे अंतर केसभरही वाढलं की हवा वाया जाते आणि सूर बोलायला उशीर होतो. कमी झालं तर जीभ कडेला घासते आणि सूर खरखरतो. एका ओळीतले ४२ सूर एकाच हवेला, एकाच क्षणी उठले पाहिजेत. हाताने केलेल्या कामात हे साधायला कारागिराची नजर आणि वेळ दोन्ही लागतात. पालिताण्याचे चांगले सूर या कसोटीला उतरतात. घाईत आणि स्वस्तात केलेले उतरत नाहीत. फरक खरा आहे, पण तो गावाचा नाही, प्रतीचा आहे. त्याच गावात दोन्ही प्रतींचा माल होतो, आणि दुकानात दोघांनाही एकच नाव मिळतं.

‘जर्मन’ सुरांची दुसरी बाजू कमी बोलली जाते. आज जर्मन म्हणून मिळणारे सूर पुष्कळदा जुन्या पेट्यांतून काढून नव्या खोक्यात बसवलेले असतात. त्यात गैर काही नाही. चांगलं पितळ दोन पिढ्या टिकतं. पण पितळ थकतंही. वर्षानुवर्षं वाकून वाकून बुडाशी बारीक तडा जातो. तडा गेला की ताठपणा कमी होतो आणि सूर उतरतो. पेटीमास्तर तो पुन्हा लावून घेतात, महिन्याभरात तो पुन्हा उतरतो. असा एकच सूर वारंवार उतरत असेल तर समजावं की जीभ तुटायच्या वाटेवर आहे. शिवाय दर वेळी सूर चढवताना टोकाचं थोडं पितळ जातं, ते परत येत नाही. पाच-सहा हातांतून गेलेला जर्मन सूर कधी कधी नव्या पालिताणा सुरापेक्षा दुबळा असतो.

आणखी एक गोष्ट, जी खरोखर देशाशी बांधलेली आहे. १८५९ मध्ये फ्रान्सने कायद्याने सुराचं माप ठरवलं: मध्य सप्तकातला ‘ए’ सेकंदाला ४३५ कंपनांचा. आज सगळीकडे चालतं ते ४४० चं माप १९३९ च्या लंडन परिषदेनंतर रुळलं. ४३५ आणि ४४० यांच्यातलं अंतर एका अर्ध्या सुराच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढं भरतं. एकट्या पेटीवर ते जाणवत नाही. पण जुन्या मापाची पेटी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशेजारी किंवा कीबोर्डबरोबर बसवली की गायकाला दोन आधार मिळतात आणि गळा कुठे लावावा ते कळत नाही. जुनी पॅरिसची पेटी घरात असेल तर आधी तिची पट्टी ट्यूनरवर पाहावी, मगच तिच्यावर शिकायला बसावं.

देशाच्या नावावर किंमत ठरण्याचा हा प्रकार पेटीपुरता नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चार जाड तारांची बेस गिटार वाजते, तिचा बाजार तर पूर्ण याच प्रश्नावर उभा आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. १९८२ पासून त्याच आराखड्याच्या गिटारी जपानमध्ये, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात होऊ लागल्या. पुढे मेक्सिकोतलं एन्सेनाडा आलं. त्याच घराण्याच्या स्क्वायर नावाच्या स्वस्त गिटारी इंडोनेशिया आणि चीनमध्ये होतात. आराखडा एकच, पण किमतीची उतरंड पक्की: अमेरिका वर, मग जपान आणि मेक्सिको, मग इंडोनेशिया आणि चीन.

ही उतरंड बघून वाटतं, इंडोनेशियातल्या कारागिराला जमत नसावं. पण तसं नाही. तिथल्याच कारखान्यांत महागड्या गिटारीही होतात आणि त्या उत्तम असतात. कंपनी आधी किंमत ठरवते, मग त्या किमतीत बसेल अशी खुंटी, असा पिकअप, इतकी घासाई ठरवते. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या, कडा गोल करायला लागणारा अर्धा-एक तास कापला की गिटार स्वस्त होते आणि बोटाला टोचू लागते. मजुरीच्या दरातला फरक आणि ठरवून केलेली काटकसर या दोन्ही गोष्टी देशाच्या नावाखाली एकत्र येतात, म्हणून दोष देशाला लागतो. उलट अनुभवही आहे. जपानच्या त्या पहिल्या वर्षांतल्या गिटारी अमेरिकन गिटारीला पर्याय म्हणून कमी किमतीत आल्या होत्या. ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या त्या गिटारी आज संग्राहक शोधून शोधून घेतात. गिटार तीच आहे, बदलला तो बाजार. आणि अमेरिकेत बनलेल्या कित्येक गिटारींच्या मानेवरची काळसर फळी आपल्या शिसवीची असते. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली तेव्हा फेंडरला मेक्सिकोतल्या अनेक गिटारींची फळी बदलून पाव फेरो नावाचं लाकूड वापरावं लागलं. एका वाद्यात तीन-चार देश असतात आणि शिक्का एकाचाच बसतो.

आपल्या पेटीचंही असंच आहे, आणि म्हणून मला वाटतं की सुरांच्या देशाइतकंच बाकीच्या पेटीचं गाव विचारायला हवं. सूर बसतात ती फळी नीट वाळलेल्या लाकडाची हवी. आपल्या जिल्ह्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे घाटावर आणि घाटाखाली हवा वेगळी. बुलढाणा शहर उंचावर, उन्हाळ्यातही संध्याकाळी निवणारं. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या खालच्या भागात मे महिन्यात लाकडातलं उरलंसुरलं पाणी आटतं. कच्च्या लाकडाची फळी आकसते, स्क्रू सैल होतात, फळी आणि खोक्यामध्ये फट पडते आणि हवा गळायला लागते. पेटीमास्तर म्हणतात, ‘‘पेटी हवा खाते.’’ भाता दुप्पट मारावा लागतो, हात दुखतो, लांबलेल्या आलापात सूर बसतो. मग पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या जागी अडकून राहतात. दमट हवेच्या गावात घाईने जोडलेली पेटी खामगावच्या उन्हाळ्यात तडकली तर त्याला जर्मन सूर काय करणार? कोरडा उन्हाळा माहीत असलेल्या कारागिराने, दोन-तीन वर्षं वाळवलेल्या सागवानात केलेली पेटी साध्या सुरांवरही वर्षानुवर्षं चालते.

तेव्हा दुकानात काय करावं? भाता पूर्ण भरून घ्यावा, एकही पट्टी दाबू नये आणि भाता आपोआप किती सावकाश बसतो ते पाहावं. झपकन बसला तर पेटी गळते, सुरांचा देश विचारण्याआधीच उठावं. मग अगदी थोड्या हवेवर एकेक पट्टी हलकेच दाबत खर्जापासून तारापर्यंत जावं. चांगला सूर फुंकरीएवढ्या हवेवर बोलतो. जो सूर जोर मागतो किंवा उशिरा उठतो तो कागदावर टिपून घ्यावा. दोन नर सुरांची पेटी असेल तर दोन्ही ओळी मिळून एक सूर बराच वेळ धरावा. आवाज डुलत असेल, म्हणजे ‘वां-वां-वां’ अशा लाटा येत असतील, तर दोन सूर एकमेकांत मिळालेले नाहीत. सेकंदाला एक लाट म्हणजे एका कंपनाचा फरक. हे ऐकायला यंत्र लागत नाही.

शेवटी झाकण उघडायला सांगावं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. मोबाइलच्या उजेडात जिभांची टोकं पाहावीत. कानशीच्या खुणा बारीक आणि थोड्या असतील तर सूर एकदा-दोनदा लावलेला आहे. टोक पातळ होऊन चमकत असेल, खोल ओरखडे असतील, तर त्याचं बरंच आयुष्य संपलेलं आहे, मग त्यावर कोणत्याही देशाचं नाव असो. चौकटीवरची कोरलेली अक्षरं पुरावा धरू नयेत. पितळेवर शिक्का मारायला कारखाना लागत नाही. वाद्याच्या गावाला कायद्याचं संरक्षण कसं असतं ते पाहायचं तर मिरजेकडे पाहावं. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘जर्मन सूर’ या शब्दांमागे असलं काही नाही, तो फक्त दुकानदाराचा शब्द आहे.

परदेशी म्हणून भाव चढतो, तसा परदेशी म्हणून अपमानही झालेला आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. तिचे बांधीव सूर आपल्या श्रुतींना आणि मींडेला न्याय देत नाहीत हे एक कारण होतं, आणि ती विलायती हे दुसरं. १९७१ मध्ये बंदी सैल झाली. मधल्या काळात हेच वाद्य महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांच्या परंपरेत, आप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांच्या हातात वाढत राहिलं. आप्पा आपल्या शेजारच्या जालन्याकडचे. नागपूरच्या मनोहर चिमोटे यांनी तर तिला ‘संवादिनी’ हे नाव देऊन एकल वादनाचं वाद्य म्हणून उभं केलं. त्यांची बोटं ऐकताना सूर कुठून आले हा प्रश्न मला कधी सुचला नाही.

माझं मत असं: गायकाबरोबर मैफलीत बसायचं असेल, कान तयार असेल आणि सूर तपासून घेणारा कारागीर ओळखीचा असेल, तर चांगल्या जुन्या युरोपीय सुरांना जास्त पैसे जरूर द्यावेत. गावच्या मंडळाला मात्र तो खर्च करू नये असंच सांगेन. पेटी रोज रात्री मंदिरात निघते, टेम्पोतून सप्ताहाला जाते, शिकणारी मुलं तिच्यावर जोराने भाता मारतात. तिला वाळलेलं लाकूड, न गळणारा भाता, सुटे मिळणारे पालिताण्याचे चांगल्या प्रतीचे सूर आणि वर्षातून एकदा, उन्हाळा उलटल्यावर, कारागिराचा हात लागतो. उरलेल्या पैशांत त्या देखभालीची सोय होते. आणि दुकानदार ‘जर्मन’ म्हणून वेगळी किंमत मागत असेल तर ते शब्द, सुरांच्या ओळींची संख्या आणि दुरुस्तीची हमी बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर पालिताणा सुरांचीच किंमत द्या.