पळून मारायचं की थांबून? अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा हिशोब

मार्चमध्ये आमच्याकडे मोटारीला लाईट रात्रीची असते. पहाटे साडेचारला बांधावर बसून मोबाईल उघडला, की तिकडे अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या मॅचेस रंगात आलेल्या असतात. गावातली पोरंही आता त्याचे रील बघतात. त्यातल्या एकानं विचारलं, "एका मॅचमध्ये शंभर पॉइंट होतात, दुसऱ्यात पन्नासला दम लागतो. खेळ एकच ना?"

खेळ एकच, पण खेळायच्या तऱ्हा दोन.

तिथलं कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, म्हणजे आपल्या हिशोबात जेमतेम सव्वाचार गुंठे. दोन्ही बाजूला पाच-पाच गडी. समोरच्यानं बास्केटवर मारलेला बॉल हुकला आणि तो आपल्या हाती आला, की त्याला रिबाउंड म्हणतात. इथून वाट फुटते. बॉल लगेच बाजूच्या गड्याला फेकायचा, दोघांनी दोन्ही कडेनं सुसाट पळायचं आणि समोरचे पाचजण मागं पोचायच्या आत बास्केट गाठायची. हा फास्ट ब्रेक. यात तीन जणांसमोर दोघे, कधी दोघांसमोर एकच बचाववाला असतो. एकाला दोघं आवरत नाहीत, म्हणून बास्केटखालचा सोपा शॉट मिळतो.

बचाववाले वेळेत परत आले तर मात्र पाचासमोर पाच उभे. मग अर्ध्या कोर्टात बॉल फिरवायचा, एकानं बचाववाल्याच्या वाटेत उभं राहून आडोसा करायचा, दुसऱ्यानं त्यामागून निसटायचं आणि फट कुठं पडते ते बघत राहायचं. हा हाफ कोर्टचा खेळ. शॉट अवघड मिळतो, वेळही जातो.

मग सगळे पळतच का नाहीत? कारण पळायला आधी बॉल मिळायला हवा, आणि तो बचाव केल्याशिवाय मिळत नाही. शिवाय समोरचा हुशार असेल तर शॉट मारतानाच दोन गडी मागं ठेवतो. रिबाउंडवर सगळे तुटून पडले तर मागचं रान मोकळं, आणि मागं थांबले तर रिबाउंड जातो. दर शॉटला हे ठरवावं लागतं.

पळण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातलं लोयोला मेरीमाउंट. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांचा नियमच होता की बॉल हाती आल्यावर काही सेकंदांतच शॉट मारायचा. समोरच्यानं बास्केट केली तरी थांबायचं नाही, बॉल आत टाकून लगेच पळायचं. १९८९-९० च्या हंगामात या टीमनं मॅचमागे सरासरी १२२.४ पॉइंट काढले. स्वतःही शंभराच्या वर पॉइंट खायचे, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. समोरचा शेवटी दमणार, ही बोली होती.

या टीमचा मोठा गडी हँक गॅदर्स. आदल्या हंगामात सरासरी पॉइंट आणि रिबाउंड, दोन्हींत तो देशात पहिला. डिसेंबर १९८९ मध्ये तो मॅचमध्येच कोसळला. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निघालं, औषधं सुरू झाली, तो परत खेळायला लागला. ४ मार्च १९९० ला पुन्हा कोर्टवर पडला आणि गेला. वय २३. पळण्याच्या खेळानं त्याला मारलं असं म्हणणं बरोबर नाही, आजार हृदयाचा होता. पण आपल्याकडं पोरगं पळता पळता चक्कर येऊन पडलं की "उपाशी असेल" म्हणून लिंबूपाणी देऊन परत उतरवतात. तसं करू नका. आधी डॉक्टरला दाखवा, ईसीजी काढा.

त्यानंतर काहीच दिवसांत टीम राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. हँकचा लहानपणापासूनचा दोस्त बो किंबल मॅचमधला आपला पहिला फ्री थ्रो त्याच्या आठवणीसाठी डाव्या हातानं मारायचा. तो आत जायचा. आदल्या वर्षीचे विजेते मिशिगन समोर आले, त्यांनाही पळवून पळवून १४९-११५ असं हरवलं.

पुढची मॅच अलाबामाशी. खरी गंमत इथं आहे. अलाबामानं ठरवलं, यांच्याबरोबर पळायचंच नाही. तेव्हा एका डावात शॉट मारायला ४५ सेकंद मिळायचे. ते बॉल धरून वेळ खात राहिले. पाच दिवसांपूर्वी १४९ काढणारी टीम ६२ वर आली! तरी ती ६२-६० नं जिंकली. म्हणजे पळणाऱ्यांनाही थांबून खेळता येत होतं. पुढच्या फेरीत लास वेगासची युएनएलव्ही मात्र त्यांच्याबरोबर पळाली आणि १३१-१०१ नं जिंकून गेली. ते त्यांच्यापेक्षा तगडे होते आणि त्या वर्षीचे विजेतेही तेच ठरले.

हळू खेळण्यामागं कमजोर टीमचा एक हिशोब असतो. आपल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत बघा, सहा ओव्हरच्या मॅचमध्ये लहान गाव मोठ्या गावाला पाडू शकतं, वीस ओव्हरमध्ये ते अवघड. डाव जितके कमी, तितकी भारी टीमची ताकद कमी चालते. १९९६ मध्ये प्रिन्स्टननं असंच केलं. समोर आदल्या वर्षीचे विजेते युसीएलए. पीट कॅरिल यांच्या पोरांनी सबुरीनं बॉल फिरवला आणि बचाववाला पुढं झेपावला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडं घुसत राहिले. शेवटच्या काही सेकंदांत तसाच एक पास गेला, सोपी बास्केट झाली, ४३-४१. अख्ख्या मॅचमध्ये दोघांचे मिळून ८४ पॉइंट. मला स्वतःला १४९ वाल्या मॅचपेक्षा ही जास्त आवडते, पोरांना पटत नाही.

बॉल धरून बसण्याला आता फार जागा राहिली नाही. पुरुषांच्या कॉलेज खेळात शॉटची मुदत ४५ वरून ३५ आणि २०१५-१६ पासून ३० सेकंद झाली. आपल्याकडं आंतरराष्ट्रीय नियमानं खेळतात, तिथं २४ च सेकंद, आणि बॉल अर्ध्या रेषेपलीकडं ८ सेकंदांत न्यावा लागतो. तालुक्याच्या कॉलेजला मॅच असली तर रिबाउंड झाल्यावर बॉलकडं नको, बाकीच्या चौघांच्या पायांकडं बघा. पळायचं की थांबायचं, ते तिथंच आधी कळतं.