कबड्डीपटूची कारकीर्द

धानाची कापणी उरकून बांध्या मोकळ्या झाल्या, दिवाळी मागे पडली आणि गावोगाव मंडईचे वेध लागले, म्हणजे चामोर्शी तालुक्यात नाटकांच्या मांडवांबरोबरच कबड्डीची मैदानेही आखली जातात. माती चाळून, पाणी शिंपडून, दाबून बसविलेल्या त्या मैदानांवर दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात, आणि ज्याच्या चढाईला प्रेक्षक उठून उभे राहतात अशा एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे नाव पाहता पाहता घोट-आष्टीपर्यंत जाऊन पोहोचते. या मुलाच्या मनात हल्ली एक प्रश्न हटकून उभा राहतो, जो त्याच्या वडिलांच्या पिढीत उद्भवण्याचे कारणच नव्हते: हा खेळ हाच आपला चरितार्थ होऊ शकेल काय? उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्या होकाराला ज्या अटी जोडलेल्या आहेत त्या त्याला आणि त्याच्या आईवडिलांना कोणी तरी सविस्तर सांगितल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

कबड्डी ही विदर्भाला उसनी मिळालेली वस्तू नव्हे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची जी प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत हुतूतूचाही समावेश होता. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी या खेळासाठी अवघे आयुष्य वेचले. आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाल्यापासून २०१४ पर्यंतची सारी सुवर्णपदके भारताच्या पुरुष संघाने जिंकली. एवढे वैभव असूनही या दीर्घ काळात खेळाडूला खेळाचे वेतन म्हणून काही मिळत नसे. त्याला मिळे ती नोकरी. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांचे संघ असत. चांगला चढाईपटू हेरून त्याला कामावर रुजू करून घेतले जाई, आणि गुडघा निकामी झाल्यावरही हजेरीपटावर त्याचे नाव कायम राही. आजच्या झगमगाटात ही जुनी व्यवस्था क्षुल्लक भासते. माझ्या मते कबड्डीपटूच्या आयुष्याचा खरा आधार अजूनही तीच आहे.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेशकुमार यांच्यावर, १२ लाख ८० हजार रुपयांची. अवघ्या चार वर्षांत मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले गेले, आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतची किंमत २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. हे आकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतात, म्हणून मुलांना पाठ असतात. जे मथळ्यांत येत नाही ते असे: त्याच २०२३ च्या लिलावात खेळाडूंचे चार वर्ग केले होते आणि शेवटच्या ‘ड’ वर्गाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये मुक्रर झाली होती; संघ बारा आणि एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, म्हणजे परदेशी पाहुणे धरूनही साऱ्या देशात या धंद्याच्या जागा तीनशेच्या वर जात नाहीत; आणि करार एका-दोन मोसमांचा असल्यामुळे आज ज्याच्यासाठी बोलीवर बोली चढते त्याचे नाव पुढल्या लिलावात पुकारल्यावर सभागृह निःशब्द राहू शकते. तीनशे जागांसाठी हरियाणातील आखाड्यांपासून तामिळनाडूतील खेड्यांपर्यंत किती तरुण घाम गाळीत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमच्या चामोर्शीच्या मुलाचा मार्ग तर आरंभापासूनच थोडा निराळा आहे. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून स्वतंत्र उतरतो. म्हणजे त्याने तालुक्यातून जिल्ह्याच्या आणि जिल्ह्यातून विदर्भाच्या संघात यावयाचे, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत निवडकर्त्यांच्या नजरेस पडावयाचे, आणि तेव्हा कुठे लीगच्या प्रशिक्षकांपर्यंत त्याचे नाव जाण्याचा संभव. वाट लांब आहे, पण ती बंद नाही.

या वाटेवर पहिली ठेच लागते ती मातीवरून मॅटवर जाताना. मातीत अनवाणी खेळणारा मुलगा पायाची बोटे जमिनीत रोवून वळतो. पाय किंचित घसरला तर ती घसरणच त्याच्या सांध्याला सांभाळून घेते. मॅटवर बूट घालावे लागतात, बुटाचा रबरी तळ मॅटला घट्ट धरतो, आणि सवयीने त्याच वेगात अंग वळविले तर पाऊल जागीच राहते, धड फिरते आणि दोहोंमधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. शिवाय तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद मैदानात, तीस सेकंदांच्या आत, त्याला निदानरेषा ओलांडावी लागते, सहा किंवा सात बचावपटू समोर असले तर बोनस रेषेचा मोह आवरावा किंवा साधावा लागतो, आणि कोपरारक्षकाने घोट्यावर झेप घेतल्याबरोबर साखळी आवळण्यापूर्वी मध्यरेषेकडे अंग झोकून द्यावे लागते. पुरुषांसाठी वजनाची कमाल मर्यादा ८५ किलो. तेव्हा पाच-सहा जणांचा भार अंगावर घेण्याइतके बळ हवे आणि काटा मात्र पुढे सरकता कामा नये. ही तयारी शेतावरच्या कष्टांतून आपोआप होईल असे मानणे चूक आहे. तिला आहार, व्यायाम आणि जाणता प्रशिक्षक यांची जोड लागते.

आणि तरीही शरीर दगा देते. २०२२ च्या मोसमात तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि उरलेला संपूर्ण मोसम त्याला बाहेर बसून काढावा लागला. तो पुढे आणखी मोठ्या किमतीला परतला, आशियाई स्पर्धेत भारताचा कर्णधार झाला. पण त्याच्यामागे रेल्वेची नोकरी होती हे विसरू नये. आपल्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१८ मध्ये यू मुंबाकडून पदार्पणातच त्याने असा काही धडाका लावला की, पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. दोन मोसमांनंतर दुखापतीने त्याला बहुतेक सामन्यांना मुकविले. त्यातून सावरून तो पुन्हा उभा राहिला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सकडून अंतिम सामना खेळला. त्या सामन्यात समोर होता पुणेरी पलटण, ज्याचा कर्णधार श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार; पुण्याने २८-२५ असा विजय मिळविला. एका खेड्यातला तरुण जिंकला, दुसऱ्या खेड्यातला हरला. चामोर्शीच्या मुलाने हे दोघेही आपलेच मानावेत.

येथे ऑस्ट्रेलियाचे एक उदाहरण देणे मला आवश्यक वाटते. त्या देशाचा स्वतःचा फुटबॉल आहे, अंडाकृती चेंडूने आणि क्रिकेटच्या मैदानावर खेळला जाणारा. त्याचे नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. आपल्या कबड्डीप्रमाणे तोही त्या मातीतला खेळ. त्याचेही नामांकित खेळाडू कित्येक दशके दिवसा नोकरीधंदा करून संध्याकाळी सराव करीत. आज तेथे अठरा व्यावसायिक संघ आहेत, दरवर्षी नवख्या मुलांची रीतसर निवड होते, आणि १९७३ मध्ये स्थापन झालेली खेळाडूंची संघटना करारांविषयी वाटाघाटी तर करतेच, शिवाय खेळाडू मैदानावर असतानाच त्याच्या पुढील शिक्षणाला साहाय्य करते. खेळ तिशीच्या आसपास संपणार, हे तेथे गृहीत धरून व्यवस्था लावली गेली आहे. अशीच तजवीज कबड्डीतही करारातील एक कलम म्हणून झाली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत तर अन्याय उघड आहे. २०१२ साली पाटण्याला भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. २०१६ मध्ये लीगच्या जोडीने तीन महिला संघांची एक छोटी स्पर्धा भरविली गेली. पुरुषांच्या लीगने एकामागून एक मोसम पाहिले, परंतु तो प्रयोग तेवढ्यावरच थांबला. मुलीचा दम मुलापेक्षा कमी पडतो म्हणून हे घडले नाही. आज तिच्यासाठी या खेळातून निघणारी भरवशाची वाट नोकरीचीच आहे.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गडचिरोलीत पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणारी जी मुले दिसतात, त्यांतील कित्येक रात्री कबड्डीच्या मैदानावरही असतात. परंतु कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र या आरक्षणास ग्राह्य धरले जाते आणि त्याची पडताळणी कोठे करावयाची, हे न कळल्यामुळे खऱ्या खेळाडूचा अर्जही बाद होऊ शकतो. मंडईतील ढालीला त्या दप्तरात किंमत नाही. अधिकृत संघटनेच्या स्पर्धेतील प्रमाणपत्राला आहे. म्हणून पालकांना माझे सांगणे असे की, मुलाला खेळू द्या, अडवू नका, पण बारावी आणि त्यापुढचे शिक्षण सुटू देऊ नका, आणि प्रत्येक प्रमाणपत्र जमिनीच्या सातबाऱ्याइतके जपून ठेवा. जिल्हा पोलीस दल वीर बाबूराव शेडमाके आणि बिरसा मुंडा यांच्या नावांनी खेळांच्या स्पर्धा भरविते आणि दुर्गम भागांतील मुलांना मैदानावर आणते, हे उपकारक कार्य आहे. पण स्पर्धा संपल्यावर उरलेले अकरा महिने ही मुले सराव करतात ती मातीवरच. तेव्हा जिल्हा नियोजन समितीने चामोर्शीसह प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट आणि एक पगारी प्रशिक्षक यांची तरतूद येत्या अर्थसंकल्पी वर्षातच करावी, आणि ती होईपर्यंत ग्रामसभांनी व लोकप्रतिनिधींनी या मागणीचा पाठपुरावा सोडू नये.